उघड्यावरची चित्रशाळा : महाराष्ट्रातील स्थळचित्रणाचा इतिहास

भारतीय चित्रपरंपरेला निसर्ग कधीच परका नव्हता. रागमाला आणि बारामासा या चित्रमालिकांत, म्हणजे अनुक्रमे रागांची व वर्षाच्या बारा महिन्यांची भावरूपे रंगवणाऱ्या लघुचित्रांत, मेघ, वीज, आम्रवृक्ष आणि कमळांनी भरलेली तळी यांना मानवी आकृतींइतकेच महत्त्व असे. मात्र ही झाडे आणि हे मेघ चित्रकार आपल्या बैठकीवर बसून, गुरूकडून मिळालेल्या संकेतांनुसार आणि स्मरणातून रंगवत असे. विरहिणीच्या मनःस्थितीला साजेसा आषाढ दाखवणे हे त्याचे प्रयोजन होते आणि तो आषाढ कोणत्या गावचा, दिवसाच्या कोणत्या प्रहरीचा, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. विशिष्ट स्थळासमोर बसून, विशिष्ट वेळेच्या उजेडात, डोळ्यांना दिसते ते तिथल्या तिथे कागदावर उतरवण्याची पद्धत, म्हणजे स्थळचित्रण, महाराष्ट्रात अठराव्या शतकाच्या अखेरीस आली. ती आणणाऱ्यांसाठी हा मुलूख नवखा होता. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत ती येथील रहिवाशांच्या हाती गेली आणि या हस्तांतरात तिचे स्वरूपच बदलले.

या इतिहासाचा आरंभ पुण्याच्या पेशवे दरबाराशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातील रेसिडेंट, म्हणजे दरबारातील राजकीय प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट याला येथील लेण्यांविषयी आणि प्राणिसृष्टीविषयी मोठे कुतूहल होते. त्याने गंगाराम तांबट या पुण्यातील चित्रकाराकडून वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची रेखाटने करून घेतली, तसेच पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्रही १७९० मध्ये काढवून घेतले. ज्ञात माहितीनुसार स्थळावर जाऊन पाश्चात्य अर्थाने निरीक्षणात्मक रेखाटन करणाऱ्या पहिल्या मराठी चित्रकारांमध्ये तांबटांची गणना होते. त्यांच्या कामाचा मोठा भाग आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. लेण्यांचे खांब आणि शिल्पे यांची नोंद घेताना त्यांच्या रेषेत कारागिराची काटेकोर शिस्त आणि समोरच्या वस्तूशी राखलेला प्रामाणिकपणा एकत्र दिसतो.

त्याच काळात, १७९१ मध्ये, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्या व्यक्तिचित्रांमुळे तो मराठी वाचकांना परिचित आहे. परंतु मुंबई बेट आणि त्याचा परिसर यांची त्याने काढलेली बारा दृश्येही त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७९३ मध्ये मुंबईस पोहोचले, तेव्हा त्यांची वेल्सशी भेट झाली आणि आसपासच्या लेण्यांची रेखाटने त्यांनी केली. मुख्यतः या काका-पुतण्यांनी भारतभर काढलेल्या रेखाटनांवरून तयार झालेली १४४ चित्रांची ‘ओरिएंटल सीनरी’ ही मालिका १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रकाशित झाली. तिच्यासाठी त्यांनी ॲक्वाटिंट हे मुद्रणतंत्र वापरले. त्यात तांब्याच्या पत्र्यावर राळेचे बारीक कण बसवून आम्लाने पत्रा कोरतात आणि त्यामुळे छापलेल्या चित्रात जलरंगाच्या थरासारख्या मऊ छटा उमटतात.

या चित्रकारांची नजर ज्या सौंदर्यविचारात घडली होती तो ‘पिक्चरेस्क’ या नावाने ओळखला जातो. निसर्गातील जो भाग चित्रात शोभून दिसेल तोच पाहण्याजोगा, अशी ही धारणा होती आणि विल्यम गिल्पिन या इंग्रज लेखकाने ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केली. तिच्या रचनेचा साचाही जवळजवळ ठरलेला असे : अग्रभागी गडद झाडोरा, मधल्या अंतरावर एखादे भग्न मंदिर किंवा घाट आणि पलीकडे निळसर होत जाणारे डोंगर. घारापुरी, कार्ले किंवा वेरूळ या साच्यात सहज बसत. दख्खनच्या पठारावरील उघडे माळ, काळी जमीन आणि सपाट माथ्याचे डोंगर मात्र त्यात बसत नसत. त्यामुळे ही चित्रे स्थळाशी जितकी प्रामाणिक होती, तितकीच स्थळाच्या निवडीत आणि मांडणीत परक्या अपेक्षांनी बांधलेली होती.

सौंदर्यदृष्टीइतकेच लष्करी आणि प्रशासकीय गरजेचेही या प्रथेला पाठबळ होते. छायाचित्रणापूर्वीच्या काळात किल्ल्याची तटबंदी, नदीचा उतार किंवा घाटवाट यांची दृश्य नोंद ठेवण्याचा रेखाटनाखेरीज दुसरा मार्ग नव्हता, आणि म्हणून १८०९ मध्ये इंग्लंडात ॲडिसकोंब येथे सुरू झालेल्या कंपनीच्या लष्करी विद्यालयात चित्रकला हा शिक्षणाचा भाग होता. मुंबई लष्करातील अधिकारी रॉबर्ट ग्रिंडले याने १८२६ पासून पश्चिम भारतातील स्थळे आणि वास्तू यांवर काढलेली चित्रमालिका या परंपरेचे ठळक फळ मानता येईल.

उघड्यावर चित्र काढणे प्रत्यक्षात शक्य होण्यासाठी साहित्यही सुटसुटीत व्हावे लागते. पूर्वी चित्रकाराला रंगद्रव्य खलून आणि त्यात डिंक मिसळून रंग स्वतः तयार करावा लागे. १७८० च्या आसपास लंडनच्या रीव्हज बंधूंनी जलरंगाच्या तयार वड्या बाजारात आणल्या आणि त्या वड्या कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या सामानातून भारतात पोहोचल्या. १८३० च्या दशकात विन्सर अँड न्यूटन या कारखान्याने ओलसर राहणारे जलरंग काढले, तर जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये दाबून रंग काढता येणारी कथलाची नळी शोधून काढली. या नळीमुळे तैलरंगही उघड्यावर नेता येऊ लागले आणि फ्रान्समधील बार्बिझाँच्या चित्रकारांपासून दृकप्रत्ययवाद्यांपर्यंत, म्हणजे क्षणिक उजेडाचा ठसा टिपणाऱ्या चित्रकारांपर्यंत, अनेकांनी तिचा लाभ घेतला. महाराष्ट्रात मात्र तैलरंग प्रामुख्याने व्यक्तिचित्रांसाठी राहिले आणि निसर्गासाठी जलरंग हेच मुख्य माध्यम ठरले. ते हलके होते, तुलनेने स्वस्त होते आणि इंग्रजी शिक्षणपद्धतीत त्याला विशेष मान होता.

या माध्यमाला संस्थात्मक आधार मिळाला तो मुंबईच्या कलाशाळेमुळे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाली. १८६५ मध्ये तेथे आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. हे काम गुहांतील होते. तरीही वर्गाबाहेर पडून, मूळ वस्तूसमोर बसून दीर्घकाळ निरीक्षण करण्याची सवय त्याने विद्यार्थ्यांच्या एका पिढीला लावली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांनी निसर्गचित्रांना प्रेक्षक, पारितोषिके आणि काही प्रमाणात ग्राहकही मिळवून दिले. पुढे १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ पासून मुंबईत स्वतःची कलासंस्था चालवली होती आणि पारदर्शक जलरंगावर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते.

पारदर्शक जलरंगाचे तंत्र येथे थोडे विस्ताराने समजून घेणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्राच्या हवामानाशी त्याचा झालेला झगडा हाच या परंपरेच्या स्वतंत्र घडणीचा गाभा आहे. या पद्धतीत पांढरा रंग वापरत नाहीत. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवणे हाच उजेड दाखवण्याचा मार्ग असतो आणि पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, ज्याला चित्रकार ‘वॉश’ म्हणतात, ओला असतानाच त्यात पुढचा रंग सोडावा लागतो. इंग्लंडच्या दमट, ढगाळ हवेत घडलेले हे तंत्र दख्खनच्या चैत्र-वैशाखात अडखळते, कारण कोरड्या हवेत वॉश पाहता पाहता सुकतो आणि त्याच्या कडा करकरीत होतात. उलट कोकणात पावसाळ्यात तो बराच वेळ ओला राहून रंग एकमेकांत उतरत जातात. माध्यान्हीच्या उन्हात आकारांची घनता हरवते, म्हणून सकाळचे पहिले काही तास आणि उतरते ऊन हीच येथील चित्रकाराची कामाची वेळ ठरली. कोरड्या हवेत दूरचा डोंगरही स्पष्ट दिसत असल्याने अंतर दाखवण्याची धूसर निळाईची युक्ती बारमाही चालत नाही, आणि तापलेल्या पिवळ्या मातीवर पडणारी सावली करडी न दिसता निळसर जांभळी दिसते. ही निरीक्षणे इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून मिळणारी नव्हती. ती जागेवर बसूनच कमवावी लागली.

ही कमाई सर्वांत लवकर आणि सर्वांत उत्कटपणे दिसते ती कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्या चित्रांत. जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण घेऊन ते कोल्हापुरास परतले, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत कोल्हापूर हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. कोटितीर्थ व रंकाळा ही तळी आणि पंचगंगा नदीचा काठ यांकडे ते पुन्हा पुन्हा वळले. प्रवासी चित्रकाराला एखादे स्थळ एकदाच भेटते, म्हणून तो त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील वास्तू टिपतो. रहिवासी चित्रकाराला तेच स्थळ रोज भेटते, वास्तू त्याच्या परिचयाची झालेली असते आणि त्याचे लक्ष रोज बदलणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे हवा, पाणी आणि उजेड यांच्याकडे जाते. आबालाल यांच्या चित्रांची तुलना फ्रेंच दृकप्रत्ययवाद्यांशी अनेकदा केली जाते. पण या साम्याचे मूळ स्थळाच्या सततच्या सहवासात शोधणे अधिक युक्त ठरते, कारण एका तळ्याच्या काठी आयुष्य काढणाऱ्या दृष्टीला उजेड हाच विषय होणे अटळ होते. कोल्हापुरात पुढे निसर्गचित्रणाची जी समृद्ध परंपरा निर्माण झाली, तिच्यात चित्रपटांतील अभिनयासाठी प्रसिद्ध असलेल्या चंद्रकांत मांडरे यांच्या रंगीत खडूंतील निसर्गचित्रांचाही समावेश होतो आणि त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय त्या शहरात आहे.

मराठी चित्रकारांचे या क्षेत्रातील दुसरे महत्त्वाचे केंद्र महाराष्ट्राबाहेर, होळकरांच्या इंदूरमध्ये निर्माण झाले. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये तेथे कलाशाळा सुरू केली. विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर नेऊन प्रत्यक्ष उन्हात रंग पाहायला लावणे हा त्यांच्या अध्यापनाचा महत्त्वाचा भाग होता. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर आणि काही काळ मकबूल फिदा हुसेन हे त्यांचे विद्यार्थी होते. बेंद्रे यांनी १९३६ ते १९३९ या काळात काश्मीरमध्ये पर्यटन विभागासाठी चित्रकार म्हणून काम केले आणि पुढे बडोद्याच्या विद्यापीठात अध्यापन करून निरीक्षणाची ती शिस्त आधुनिक कलाशिक्षणात रुजवली.

या शिस्तीचा आधुनिकतेशी विरोध होता, हा समज मुंबईतील घडामोडी पाहता टिकत नाही. १९३८ मध्ये मुंबईत आलेले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झालेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मोकळ्या फटकाऱ्यांनी आणि तेजस्वी रंगांनी निसर्ग रंगवत, आणि तरुण चित्रकारांना त्यांच्या घरी मुक्त प्रवेश असे. त्या तरुणांपैकी सय्यद हैदर रझा यांनी १९४० च्या दशकात मुंबईचे रस्ते आणि पावसात भिजलेली गर्दी जलरंगात टिपली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते एक संस्थापक होते आणि १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. त्यांच्या नंतरच्या अमूर्त चित्रांत रंगांचे जे तापमान जाणवते, त्याची पायाभरणी या रस्त्यांवरील कामात झालेली होती.

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी साहित्यावरील अवलंबित्व कमी होत गेले. पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेचा कागद आणि दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या व पुढे कॅम्लिन म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगाचे रंग यांमुळे तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही जलरंग हाताळणे शक्य झाले. नाशिकच्या गोदाघाटाला शिवाजी तुपे यांच्यासारखा निष्ठावंत चित्रकार लाभला, तर पुण्यात मिलिंद मुळीक यांनी आपल्या चित्रांनी आणि पुस्तकांनी या माध्यमाकडे हजारो हौशी हात वळवले. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या जागतिक चळवळीची धारा मुंबई-पुण्यातही पोहोचली असून, शहराच्या वस्तीत बसून समूहाने रेखाटन करणे हे तिचे स्वरूप आहे.

या दीर्घ परंपरेचे मूल्यमापन करताना एक उणीव प्रकर्षाने जाणवते. जागेवर केलेले छोटे जलरंगचित्र हे केवळ अभ्यासचित्र, म्हणजे मोठ्या चित्राची पूर्वतयारी, असे मानण्याच्या सवयीमुळे अशा हजारो चित्रांवर स्थळ व काळ यांची नोंद झाली नाही आणि ती संग्रहालयांऐवजी कुटुंबांच्या कपाटांत राहिली. जलरंग प्रकाशाने फिके पडतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ रसेल आणि ॲबनी यांनी १८८८ च्या आपल्या अहवालातच प्रयोगांनी दाखवून दिले होते. त्यात दमट हवेमुळे कागदावर पडणाऱ्या डागांची भर पडते. वाडे पडले, घाटांवर काँक्रीट आले, तळ्यांचे काठ बांधले गेले, आणि कित्येक स्थळांचा पूर्वीचा रंग व उजेड सांगणारा पुरावा आता या कागदांवरच उरला आहे, कारण त्या काळचे छायाचित्र आकार सांगते पण रंग सांगत नाही. म्हणून गावोगावच्या निसर्गचित्रांची पद्धतशीर सूची करणे, त्यांतील स्थळे ओळखून तारखा लावणे आणि त्यांना योग्य प्रकाशात व हवेत जतन करणे, हे काम कलेच्या इतिहासाइतकेच या प्रदेशाच्या इतिहासाचेही आहे आणि ते याच पिढीने हाती घ्यायला हवे.