दासोपंतांचा बंदिवास

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई येथें एक पासोडी जतन केलेली आहे. सुमारें ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा या वस्त्रावर संतकवि दासोपंतांनीं पंचीकरणाचा विषय दीड हजारांहून अधिक ओव्यांत लिहिला. ती पाहावयास येणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतें कीं, हा कवि लहान वयांत बेदरच्या शहाचा ओलीस होता.

परंपरा सांगते ती हकीकत अशी. दासोपंतांचा जन्म शके १४७३, म्हणजे इ. स. १५५१ सालीं, नारायणपेठच्या देशपांडे घराण्यांत झाला. वडील दिगंबरपंत हे बरीदशाही मुलुखांतील वतनदार. दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठारें रयतेला खुलीं केलीं, आणि वसुलाचा भरणा राहिला. शहानें सोळा वर्षांच्या मुलाला अडकवून ठेवलें, व महिन्याभरांत पैसा न आल्यास त्याला स्वधर्म सोडावा लागेल असें बजावलें. मुदत संपतां संपतां दत्ताजी पाडेवार नांवाचा कोणी एक पाईक येऊन सारी रक्कम भरून गेला. तो प्रत्यक्ष दत्तच, अशी भाविकांची श्रद्धा.

इतिहासाच्या अभ्यासकानें येथें थोडें थांबावें. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा अगदीं याच वळणाची आहे: तेंच बेदर, तसाच दुष्काळ, तशींच कोठारें, आणि पैसे भरून जाणारा विठू महार. एका कथेचा रंग दुसरीवर चढला असणें अशक्य नाहीं. तथापि थकलेल्या वसुलापोटीं घरचें माणूस अडकवून ठेवणें ही त्या काळची रीतच होती. चमत्कार वजा केला, तरी एक भेदरलेलें पोर आणि दिवसागणिक सरणारी मुदत, एवढें उरतेंच.

सुटकेनंतर या मुलाचें मन संसारांत रमलें नाहीं. माहूरला तप, पुढें गोदाकांठचें राक्षसभुवन, आणि अखेर अंबाजोगाई. तेथें त्यांची लेखणी जी चालूं लागली ती इ. स. १६१५ च्या सुमारास देह ठेवीपर्यंत थांबली नाहीं. रोज ढबू पैशाची शाई त्यांना लागे, असें सांगतात. 'गीतार्णव' हा त्यांचा गीतेवरील ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो.

गीता आणि बंदिवास यांचा असाच योग साडेतीनशें वर्षांनीं धुळ्याच्या तुरुंगांत आला. १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारीं विनोबा तेथें गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी तें उतरून घेत. पुढच्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत गुरुजींनीं ९ ते १३ फेब्रुवारी या पांच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. त्या पुस्तकांत तुरुंगाच्या भिंती नाहींत. आहे तें कोंकणांतील घर आणि आई. पासोडींतही बेदरची कोठडी नाहीं, पंचमहाभूतें आहेत. कोंडलेल्या माणसाला लेखणी मिळाली म्हणजे तो कोंडवाड्याविषयींच लिहील, हा समज दोन्हीं ठिकाणीं खोटा ठरतो.

गुरुजी राजबंदी होते; त्यांच्याजवळ कागद होता आणि सभोंवतीं जिवाभावाचे सोबती होते. चोरीमारींत सांपडलेल्या पोरांना हें भाग्य कोठून लाभावें? १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत बोर्स्टल शाळांचा कायदा झाला, आणि कुमार गुन्हेगारांना प्रौढ कैद्यांपासून निराळें ठेवण्याची वाट मोकळी झाली. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें हा कायदा तेथें लागू नव्हता. पण जेथें होता तेथील मुलांच्या हातचें एखादें पानही मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मुद्दाम शोधावें लागतें.