दुनळी बंदुकीचे पुनरुज्जीवन

दुनळी बंदूक म्हणजे गुळगुळीत पोकळीच्या दोन नळ्या जोडलेली, छऱ्यांची काडतुसे उडवणारी बंदूक होय. भारतात ती बहुधा १२ बोअरची असते. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, यावरून हे नाव पडले. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो.

रत्नागिरीतील वापर

रत्नागिरी जिल्ह्यात रानडुकरे व माकडे यांच्यापासून पिकांचे रक्षण करण्यासाठी शेतकरी परवान्याने बंदूक बाळगतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार शेतीसंरक्षणासाठी सामान्यतः ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. ती अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक मंजूर होऊ शकते. मात्र हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे; वन्यप्राण्यांबाबत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतो.

गंजाची कारणे

पाणी व ऑक्सिजन यांच्या संयोगाने लोखंड गंजते. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे आणि पावसाळ्यातील दमटपणामुळे ही क्रिया वेगाने होते. काळ्या दारूचा नळीत उरलेला अवशेषही ओलावा शोषून घेतो.

दुरुस्ती

बंदूक रिकामी असल्याची खात्री करूनच काम सुरू होते. वरवरचा गंज तेल व बारीक स्टील वूलने काढतात. खरखरीत कागदाने घासल्यास धातू झिजतो व बंदुकीचा क्रमांक पुसला जातो. क्रमांक मिटवण्यास कलम ८ नुसार मनाई आहे. नळ्यांमधील पट्टी बहुधा शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेली असते. हा डाख दाहक क्षाराच्या तप्त द्रावणात विरघळतो. म्हणून नळ्यांवर नियंत्रित गंज चढवून, त्या पाण्यात उकळून, काळपट निळा संरक्षक थर देण्याची जुनी पद्धत वापरतात.

सुरक्षितता व कायदा

बाहेरून चकचकीत झालेली बंदूक सुरक्षित असतेच असे नाही. आतील खड्ड्यांमुळे नळीची भिंत पातळ झाल्यास बार उडवताना ती फुटू शकते. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्यांत आधुनिक काडतुसे विशेष धोकादायक ठरतात. म्हणून भिंतीची जाडी मोजणे आवश्यक असते. कमकुवत बंदूक न उडवता केवळ जतन करणे इष्ट. व्यवसाय म्हणून बंदूकदुरुस्ती करण्यास कलम ५ नुसार परवाना लागतो. परवान्याची मुदत संपल्याने किंवा अन्य कारणाने बंदूक बाळगणे बेकायदेशीर ठरल्यास, कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते.