एक्लेक्टस पोपट

सिटॅक्युलिडी या पक्षिकुलातील, पर्जन्यवनात राहणारा पोपट. आपल्याकडील राघूही याच कुलातला. १७७६ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ म्यूलर यांनी याचे प्रथम वर्णन केले. मोलुक्का बेटे, सुंबा, तनिंबार, न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाचे केप यॉर्क द्वीपकल्प हा त्याचा प्रदेश. पूर्वी ही एकच जाती, एक्लेक्टस रोराटस, मानत. नव्या वर्गीकरणात तिच्या चार जाती केल्या आहेत.

वर्णन : लांबी सुमारे ३५ सेंमी. नर झळाळता हिरवा. त्याच्या कुशी आणि पंखांची आतली बाजू लाल, वरची चोच नारिंगी. मादी गडद लाल, पोटाकडे निळी-जांभळी, चोच काळी. हा फरक इतका मोठा आहे, की नर व मादी दीर्घकाळ दोन वेगळ्या जाती समजल्या जात. त्या एकच असल्याचे ए. बी. मेयर यांनी १८७४ मध्ये मांडले.

रंगभेदाचे कारण : पक्ष्यांमध्ये सहसा नर भडक व मादी फिकी असते, येथे मादीच लालभडक असते. रॉबर्ट हाइनसोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केप यॉर्कमध्ये केलेल्या दीर्घ अभ्यासातून २००५ मध्ये याचा उलगडा झाला. घरट्याजोगी ढोली असलेली झाडे फार थोडी असल्याने ढोलीसाठी माद्यांमध्ये झुंजी होतात. मादी वर्षातील बहुतेक महिने ढोलीपाशीच पहारा देते. तिचा लाल रंग दुरूनच ताबा जाहीर करतो आणि धोका दिसताच तिला ढोलीत शिरता येते. नर मात्र चाऱ्यासाठी रानभर हिंडतात. पानांत मिसळणारा हिरवा रंग त्यांना शिकारी पक्ष्यांपासून वाचवतो.

अन्न व प्रजनन : फळे, उंबरवर्गीय झाडांची फळे, बिया, फुले व मध हे त्यांचे खाद्य. मादी उंच झाडाच्या ढोलीत दोन पांढरी अंडी घालते व एकटीच सुमारे महिनाभर उबवते. त्या काळात अनेक नर तिला चारा आणून भरवतात. पावसाचे पाणी शिरणाऱ्या ढोलीतील माद्या कधी कधी नर पिलाला मारतात. लवकर पंख फुटणाऱ्या मादी पिलाच्या जगण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

संरक्षण : जंगलतोड आणि पाळण्यासाठी होणारी धरपकड हे मुख्य धोके आहेत. सुंबा बेटावरील जातीला त्यांची झळ सर्वाधिक बसली आहे. ढोली धरायला झाड खूप जुने व्हावे लागते. त्यामुळे नव्या लागवडीने तोडलेल्या रानाची भरपाई लवकर होत नाही. जुने वृक्ष राखणे हाच या पोपटाच्या रक्षणाचा खरा उपाय आहे.