पांढरा रंग जुळवताना

गेल्या उन्हाळ्यात माळा आवरताना माझा जुना मॉनिटर सापडला. पंधरा इंची, काचेच्या पिक्चर ट्यूबचा, मागे भलंमोठं पोट असलेला. शिडीवरून उतरवताना माझी आणि मुलीची चांगलीच दमछाक झाली. ती म्हणाली, "पप्पा, हा आता भंगारवाला तरी घेईल का?" म्हटलं, आधी लावून तर बघू. जुना संगणकही तिथेच होता. तो जोडला, बटण दाबलं. आतून 'टंग्' असा ओळखीचा आवाज आला आणि पडदा हळूहळू उजळला. पण जिथे पांढरा दिसायला हवा तिथे मोरपिशी झाक होती. लाल रंग जवळजवळ गेलेलाच होता.

लाल गेला म्हणजे कुठे गेला? या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

ही काचेची ट्यूब जन्माला आली १८९७ साली. स्ट्रासबुर्गला शिकवणाऱ्या कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने ती तयार केली. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत किरणांचा एक झोत सोडायचा. तो फॉस्फरचा लेप दिलेल्या पडद्यावर आपटला की तिथे उजेडाचा ठिपका उमटतो, आणि चुंबकाच्या जोरावर तो ठिपका हलवता येतो. पुढे दूरदर्शनचा संच आणि संगणकाचा पडदा याच ठिपक्याच्या नाचावर उभे राहिले. पण तो नाच एकरंगी होता. झोतातल्या इलेक्ट्रॉनला स्वतःचा रंग नसतो. रंग असतो पडद्यावरच्या लेपाचा.

लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रकाशातून बाकीचे रंग उभे करता येतात, हे मात्र त्याआधीच माहीत होतं. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये एका चौकड्याच्या फितीची तीन छायाचित्रं तीन रंगीत काचांमधून पडद्यावर एकावर एक टाकून दाखवली, आणि रंगीत फीत दिसली. प्रश्न होता तो एकाच ट्यूबमध्ये हे जमवायचं कसं, हा.

१९३८ साली वेर्नर फ्लेक्सिग या जर्मन संशोधकाने पडद्यामागे जाळी बसवण्याच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. ती कल्पना प्रत्यक्षात चालवून दाखवली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने, १९५० साली. तिला शॅडो मास्क म्हणतात. ती समजायला अवघड नाही. खिडकीच्या जाळीच्या एकाच भोकातून तीन माणसं तीन ठिकाणी उभी राहून बाहेर बघतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळी वस्तू दिसते. ट्यूबच्या मानेत अशाच तीन इलेक्ट्रॉन गन शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. जाळीच्या भोकातून एकीचा झोत फक्त लाल ठिपक्यावर पडतो, दुसरीचा हिरव्यावर, तिसरीचा निळ्यावर. तिन्ही ठिपके इतके बारीक आणि इतके जवळ की डोळा त्यांना वेगळं करत नाही. तिघं योग्य प्रमाणात उजळले की आपल्याला पांढरा दिसतो. म्हणजे त्या पडद्यावर पांढरा रंग कुठेच नसतो. तिघांनी मिळून तो घडवायचा असतो.

आणि तिथेच पहिली अडचण आली. हिरवा आणि निळा फॉस्फर तेजस्वी मिळाले, लाल मात्र मंद होता. मग पांढरा पांढरा दिसावा म्हणून हिरव्या-निळ्याला मुद्दाम खाली ठेवावं लागे. १९५४ साली अमेरिकेत रंगीत संच बाजारात आले ते या मंद लालाच्या चालीनेच चालणारे. दहा वर्षांनी, १९६४ साली, युरोपियम नावाचं दुर्मिळ मूलद्रव्य मिसळलेला नवा लाल फॉस्फर सापडला, तेव्हा बाकीच्या दोघांना मोकळं सोडता आलं आणि सगळंच चित्र उजळलं. बदलला होता एकटा लाल, पण उजेड तिघांचाही वाढला.

आपल्याकडे दूरदर्शनचं रंगीत प्रसारण सुरू झालं १५ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या मिरजेत ज्यांच्याकडे कृष्णधवल संच होते, त्यांतले काही जण पडद्यापुढे रंगीत प्लास्टिकचा कागद लावत. वर निळा, खाली हिरवा. माणूस निळ्या डोक्याचा आणि हिरव्या पायांचा दिसे, तरी आम्ही रंगीत टीव्ही पाहिल्याच्या आनंदात घरी येत असू.

माझे वडील, ज्यांना आम्ही अब्बा म्हणत असू, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तो प्लास्टिकचा कागद बघून ते म्हणाले होते, "हा रंग नव्हे, ही झाक आहे." या दोन शब्दांतला फरक मला पुढे फार उपयोगी पडला.

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दुल्हाभाई, टीव्ही दुरुस्त करायचे. मी बीए होऊन छापखान्यात अक्षरजुळणीला लागलो तोवर खिळे जाऊन संगणक आले होते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झाली होती, आणि तिच्या जिस्ट तंत्रामुळे मराठी अक्षरं पडद्यावर दिसू लागली होती. १९९८ साली मी हा मॉनिटर जुन्या बाजारातून घेतला. तो बिघडला की दुल्हाभाईंच्या दुकानात न्यायचा. रंगाच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात, हे मी तिथेच स्टुलावर बसून शिकलो.

पहिली तक्रार चुंबकाची. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग दिसतो. स्पीकर जवळ ठेवलेला असतो, नाहीतर पोरांनी चुंबक फिरवलेलं असतं. आतली पोलादी जाळी चुंबकीय होते, झोत किंचित वाकतो आणि लालाच्या वाट्याचा मारा हिरव्यावर पडतो. उपाय असा की, उलटसुलट वाहणाऱ्या विजेची गुंडाळी पडद्यासमोर गोल फिरवत हळूहळू दूर न्यायची. याला डीगॉसिंग म्हणतात. हा शब्द दुसऱ्या महायुद्धातला. जर्मनांच्या चुंबकीय सुरुंगांपासून जहाजं वाचवण्यासाठी ब्रिटिश त्यांच्याभोवती तारा गुंडाळून चुंबकत्व मारत, त्याला हे नाव पडलं. सुरू करताना येणारा तो 'टंग्' म्हणजे मॉनिटरच्या आत बसवलेली तशीच गुंडाळी. लोक ते बटण पुन्हा पुन्हा दाबतात, त्याने काही होत नाही. आतला एक भाग तापलेला असतो, तो निवेपर्यंत थांबावं लागतं.

दुसरी तक्रार तारेची. १९८७ साली आयबीएमने पंधरा पिनांचं जे जोड आणलं, त्यात लाल, हिरवा आणि निळा यांच्या वाटा वेगवेगळ्या पिनांतून जातात. एक पिन वाकली तर एक रंग पूर्ण जातो. निळा गेला तर पांढरा पिवळा दिसतो, हिरवा गेला तर जांभळट गुलाबी, लाल गेला तर मोरपिशी. तार हलवल्यावर रंग येत-जात असेल, तर ट्यूबला दोष देऊ नये. दुल्हाभाई आधी तार बघायचे. गिऱ्हाईक हजार रुपयांच्या धास्तीने आलेलं असे आणि वीस रुपयांत परत जाई.

तिसरी तक्रार वयाची. प्रत्येक गनच्या टोकाला बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. तो तापून लाल झाला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. हजारो तास तापून तो लेप झिजतो. तिघींचं वय एकच, पण तिघी सारख्या थकत नाहीत. दुल्हाभाईंच्या अनुभवात बहुधा लाल आधी थके. कारागीर याला 'ट्यूब वीक झाली' म्हणत. बूस्टर लावून ती जास्त तापवली, किंवा यंत्राचा झटका देऊन लेपाचा खालचा थर उघडा केला, तर काही महिने तरतरी येई. पण लेप नव्याने भरता येत नसे.

मग खरा उपाय एकच उरे. ट्यूबच्या मानेवरच्या पट्टीत लाल, हिरवा, निळा यांचे बारीक स्क्रू असतात. ते फिरवून तिघांचा मेळ बसवायचा. आधी अंधाऱ्या चित्रावर, मग उजळ चित्रावर. लाल वर येत नसेल तर हिरवा आणि निळा खाली आणायचे. १९५४ चे कारागीर हेच करत होते. आमच्या गावात सतारी बनतात, आणि गवयाच्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत वाद्य लावायचं, हे इथल्या पोरालाही कळतं. त्यामुळे मला हे नवल वाटलं नाही. (एक सांगून ठेवतो, ऐकून कुणी घरी मॉनिटर उघडू नये. आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये काही काळ साठून राहतो.)

हे काम मागून करायचं, तर पडदा दिसणार कसा? दुकानात त्यासाठी समोर आरसा ठेवलेला असे. पण पांढरा जुळवायचा असला की दुल्हाभाई आरसा बाजूला करून अब्बांना बोलावत. "अब्बा, तुम्ही सांगा." अब्बा समोर बसत, खिशातून कोऱ्या कागदाचा तुकडा काढत आणि पडद्याच्या शेजारी धरत. दाराशी, दिवसाच्या उजेडात. "अजून हिरवं आहे. थोडं कमी कर. बस्."

२००१ साली माझा पहिला कवितासंग्रह निघाला. पाचशे प्रती, पदरमोड करून. मुखपृष्ठ मी याच मॉनिटरवर केलं. मला हवा होता पहिल्या पावसानंतरच्या मातीचा तपकिरी रंग. पडद्यावर तो फिका वाटला म्हणून मी लाल वाढवला, पुन्हा वाढवला. ट्यूब हळूहळू थकत होती आणि डोळा तिच्याबरोबर सवय करून घेत होता, म्हणून मला काही कळलंच नाही. छापून आलं ते भडक रक्तासारखं लाल. पुढच्या वर्षभरात दोघातिघांनी विचारलं, "कवी मुसलमान, मुखपृष्ठ लाल. पण आत एवढा राग दिसत नाही तो?" मी राग मागितलाच नव्हता. मी माती मागितली होती. पण पाचशे घरांत काय जाऊन पोचलं, ते आता परत घेता येत नव्हतं.

मी अब्बांना पुस्तक दाखवलं. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा कमी पोचतो. ते स्वतःच म्हणत, मला आता सगळं जग जुन्या कागदासारखं दिसतं. तरीही दुल्हाभाई त्यांनाच बोलावत. मी विचारलं, "अब्बा, तुम्हाला पिवळं दिसतं, मग पांढरा कसा जुळवता?" ते म्हणाले, "पडदाही याच डोळ्यानं बघतो आणि कागदही याच डोळ्यानं. पिवळं असेल तर दोन्ही पिवळं. तू शेजारी काय धरलं होतंस?"

मी काहीच धरलं नव्हतं. मी आठवणीतल्या मातीवर भरवसा ठेवला होता.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. सपाट पडदे आले. २००५ साली, जग ट्यूबकडे पाठ फिरवत असताना, आपल्या औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. २००८ साली सोनीने १९६८ पासून चालत आलेल्या ट्रिनिट्रॉन ट्यूबचं उत्पादन थांबवलं. त्याच सुमारास फ्लेक्स आले आणि अब्बांच्या पाट्या थांबल्या. दुल्हाभाईंनी दुकानात मोबाइलची कव्हरं लावली. पांढरा जुळवणाऱ्यांची गरज संपली, कारण सपाट पडदा बिघडला की बहुतेक वेळा आख्खा बदलतात.

या उन्हाळ्यात मी दुल्हाभाईंना फोन केला. ते प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. आता त्यांचे हात थोडे थरथरतात. अब्बा नाहीत, म्हणून समोर माझी मुलगी बसली. तिच्या हातात मी कोरा कागद दिला. दुल्हाभाई मागून म्हणाले, "लाल आता वर येणार नाही. बाकीच्या दोघांना खाली घेतो. तू फक्त कागदाकडे बघून सांग." अर्धा तास लागला. चित्र मंद झालं, खोलीच्या खिडक्या लावाव्या लागल्या. पण कागद आणि पडदा एकसारखे दिसू लागले.

जुन्या संगणकात मुखपृष्ठाची फाइल अजून होती. मी ती उघडली आणि पुस्तकाची एक प्रत शेजारी धरली. या वेळी दोन्ही सारखेच लाल होते. मग मी लाल खाली आणत गेलो. मुलीने अंगणातल्या कुंडीतली ओली माती मुठीत आणून पडद्याजवळ धरली. "अजून कमी," ती म्हणत होती. "अजून थोडं. बस्."

काचेत शिसं असतं, म्हणून मॉनिटर भंगारात फोडायला दिला नाही. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे रीतसर पोचवला. संग्रहाची दुसरी आवृत्ती काढायचं मनात आहे. मुखपृष्ठ छापायला देताना ती माती मी कागदाच्या पुडीत बांधून सोबत नेणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)