कारखानदाराच्या शेतातलं शेणखत

जॉन बेनेट लॉझ यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि कृत्रिम खताचा धंदा मांडला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या हार्पेंडनजवळ, रोथॅमस्टेडच्या आपल्या वडिलोपार्जित जमिनीत, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांना हाताशी धरून त्यांनी ब्रॉडबॉक या शेतात गव्हाचे पट्टे आखले. एकात काहीच घालायचं नाही, काहींत निरनिराळी रासायनिक खतं आणि एकात दरसाल एकरी सुमारे १४ टन शेणखत. आपल्याच मालासमोर असा प्रतिस्पर्धी उभा करणारा कारखानदार विरळाच!

शेणखत हरलं नाही. बिनखताच्या पट्ट्यात हेक्टरी जेमतेम टनभर गहू येत राहिला. शेणखताचा पट्टा नत्र, स्फुरद, पालाश पुरेपूर मिळालेल्या पट्ट्यांच्या तोडीस तोड पिकला. त्याच्या मातीतला सेंद्रिय कर्बही बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीवर गेला.

त्याहून नवलाची गोष्ट रोथॅमस्टेडच्याच हूसफील्ड या शेतातल्या बार्लीची. तिथल्या एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीसच वर्षं शेणखत मिळालं, मग बंद. तरी शतकानंतरही ती माती कधीच खत न मिळालेल्या शेजारणीपेक्षा सरस ठरली. आजोबांचं खत नातवाच्या नातवाला पावलं.

 

पण एकरी १४ टन शेणखत आणायचं कुठून? दोन बैलांच्या कुणब्याला ते अशक्यच. या प्रश्नाचं उत्तर होळकरांच्या इंदूरमध्ये निघालं. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तिथे थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत बसवली. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर अंथरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जातात; मग गोठ्यातला काडीकचरा, मूत मुरलेली माती, राख आणि शेणकाला यांसह थर रचायचे. ढीग तीनदा चाळवला की सुमारे नव्वद दिवसांत खत तयार. रोथॅमस्टेडच्या छोट्या पट्ट्यांवर हॉवर्ड यांनी पुढे कडक टीका केली. ती थोडी एकांगीच, कारण शेणखताची बाजू त्याच पट्ट्यांनी आकड्यांनिशी मांडली होती.

इंदूरच्या रीतीचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावं आहेत. जगाने लक्षात ठेवलं ते पहिलंच.