सायप्रसला नोकरीसाठी जाताना: पगारापलीकडचा हिशोब

लिमासोल किंवा निकोसियामधील एखाद्या कंपनीचे नियुक्तिपत्र हाती पडले की त्यातील बहुतेक गोष्टी मोहात पाडणाऱ्या असतात. पगार युरोत, आयकरात घसघशीत सवलत, कार्यालयीन व्यवहार इंग्रजीत आणि रस्त्यावर वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने. हा शेवटचा ब्रिटिश अमदानीचा वारसा. आखातातील नोकरीचा किंवा ब्रिटनमधील हवेचा कंटाळा आलेल्या कुटुंबाला हे भूमध्य समुद्रातील बेट सुखाचे वाटावे, यात नवल नाही. परंतु नियुक्तिपत्रात जे लिहिलेले असते ते त्या एका कंपनीविषयी असते. बेटाच्या अर्थव्यवस्थेविषयी त्यात काहीच नसते, आणि छोट्या देशात खरी जोखीम तिथेच असते.

सायप्रस बेटाचे क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षाही कमी. १९७४ पासून त्यातील एक तृतीयांशाहून अधिक भूभाग तुर्कस्तानच्या लष्करी ताब्याखाली आहे. उरलेल्या भागात, २०२१ च्या जनगणनेनुसार, सुमारे ९ लाख २३ हजार लोक राहतात. युरोपीय महासंघाचा सदस्य (२००४) आणि युरो चलनाचा देश (२००८) असूनही त्याची अर्थव्यवस्था पर्यटन, जहाजवाहतूक, वित्तीय व कायदेविषयक सेवा, माहिती तंत्रज्ञान आणि बांधकाम अशा मोजक्या खांबांवर उभी आहे. मोठ्या देशात एक क्षेत्र बसले तर माणूस दुसऱ्या शहरात, दुसऱ्या क्षेत्रात जातो. इथे दुसरे शहर तासाभराच्या अंतरावर असते आणि तेही त्याच खांबांवर उभे असते. नोकरी, घर, बँकेतील शिल्लक आणि निवासाचा परवाना या चार गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो; छोट्या बेटावर त्या एकाच धक्क्याने एकदम हलू शकतात. हे कसे घडते, हे सायप्रसने २०१३ साली पाहिले आहे.

मार्च २०१३ मध्ये काय झाले

त्या संकटाचे मूळ सायप्रसबाहेर होते. देशातील बँकांचा एकूण पसारा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सातपटीहून अधिक झाला होता. त्यात परदेशी, विशेषतः रशियन ठेवींचा वाटा मोठा होता. या पैशाचा एक भाग ग्रीसच्या सरकारी रोख्यांत गुंतवलेला होता. २०१२ च्या आरंभी ग्रीसच्या कर्जाची पुनर्रचना झाली तेव्हा सायप्रसच्या बँकांना सुमारे साडेचार अब्ज युरोचा फटका बसला. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ पाव हिश्शाइतकी ती रक्कम होती. सरकारला हा भार उचलणे अशक्य होते.

१६ मार्च २०१३ रोजी, शनिवारी पहाटे, युरो क्षेत्राच्या अर्थमंत्र्यांच्या बैठकीतून निर्णय बाहेर आला: दहा अब्ज युरोचे कर्ज मिळेल, मात्र बँकांतील सर्व ठेवींवर एकदाच आकारणी होईल. एक लाख युरोपर्यंतच्या ठेवींवर ६.७५ टक्के आणि त्यावरील ठेवींवर ९.९ टक्के. एक लाखापर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण असल्याचे सर्वजण मानून चालले होते, त्यांनाही यातून वगळले नव्हते. सोमवारी सणाची सुटी होती. पण मंगळवारीही बँका उघडल्या नाहीत. १९ मार्चला संसदेने हा प्रस्ताव फेटाळला. बाजूने एकही मत पडले नाही. २५ मार्चला दुसरा तोडगा निघाला. त्यात लहान ठेवी वाचल्या, पण देशातील दुसऱ्या क्रमांकाची ‘लाइकी’ बँक मोडीत निघाली आणि सर्वांत मोठ्या ‘बँक ऑफ सायप्रस’मधील एक लाख युरोवरील ठेवींपैकी अखेर ४७.५ टक्के रक्कम बँकेच्या समभागांत रूपांतरित झाली. बँका २८ मार्चला उघडल्या तेव्हा दिवसाला ३०० युरोच काढता येत होते. परदेशी पैसे पाठवण्यावरील निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत एप्रिल २०१५ मध्ये पूर्णपणे उठले.

‘आपल्याकडे कुठे एक लाख युरो असणार,’ असे म्हणून पगारदार माणूस ही हकिकत बाजूला ठेवतो. तीच चूक होते. एक लाखाहून अधिक रक्कम कंपन्यांच्या चालू खात्यांत असते, आणि तिच्यातूनच पगार होतात. खेळते भांडवल अडकले की पगारकपात येते, मग नोकरकपात. २००८ मध्ये चार टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी २०१३-१४ मध्ये सोळा टक्क्यांवर गेली. घरांचे भाव उतरले आणि बँकांनी दिलेल्या कर्जांपैकी जवळपास निम्मी थकली. म्हणजे नोकरी गेली त्याच वेळी घर विकून मोकळे होण्याची वाटही बंद झाली आणि साठवलेला पैसा बाहेर नेण्यावर बंधने आली. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, अशी ती अवस्था होती.

त्यानंतर देश सावरला, हेही तितकेच खरे. कर्जकार्यक्रमातून सायप्रस २०१६ मध्ये बाहेर पडला, बँकांचा पसारा आटोक्यात आला आणि २०२४ च्या अखेरीस तिन्ही प्रमुख पतमापन संस्थांनी त्याला ‘अ’ गटात नेऊन बसवले. २०१३ ची पुनरावृत्ती जशीच्या तशी होईल, असे म्हणण्यास आज आधार नाही. पण बँक बुडताना मोठ्या ठेवीदारांनी झळ सोसायची, ही तेव्हा तातडीने योजलेली रीत २०१६ पासून संपूर्ण युरोपीय महासंघाचा नियम आहे. तेव्हा एका बँकेत एका व्यक्तीची एक लाख युरोपेक्षा जास्त शिल्लक ठेवू नये, हे पथ्य घर विकून आलेल्या किंवा आखातातील सेवा-उपदानाची रक्कम घेऊन आलेल्या प्रत्येकाने पाळावे. भारतातील अनिवासी खात्यात ठेवलेली रक्कम बेटाच्या संकटापासून दूर राहते, मात्र तिथे ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांचीच आहे.

आजचे खांब किती पक्के

बाहेरच्या घटनांनी हादरण्याची या देशाची सवय गेलेली नाही. गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना गैरप्रकार उघड झाल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली आणि तिच्यावर पोसलेल्या आलिशान बांधकामांचा हक्काचा ग्राहक गेला. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने रशियन धनाढ्यांना सेवा देणाऱ्या काही सायप्रसस्थित व्यक्ती व संस्थांवर निर्बंध लादले. त्यांच्या खात्यांवर बँकांना कारवाई करावी लागली. नियुक्ती करणारी कंपनी विदेशी चलन-व्यवहार, ऑनलाइन दलाली किंवा न्यासव्यवस्थापन अशा क्षेत्रातील असेल, तर तिचा परवाना कोणत्या देशातून आहे आणि तिचे ग्राहक कुठले आहेत, हे विचारण्यात संकोच नको. पर्यटनाचेही तसेच. २०२४ मध्ये चाळीस लाखांहून अधिक पर्यटक आले, त्यांत ब्रिटन आणि इस्रायलमधील लोकांचा मोठा भरणा होता. पश्चिम आशियात युद्ध भडकले की या आकड्याला लगेच ओहोटी लागते.

विजेचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. युरोपीय महासंघात शेजाऱ्याच्या वीजजाळ्याशी न जोडलेला सायप्रस हा एकमेव देश आहे आणि त्याची बरीचशी वीज आयात तेलावर चालते. जुलै २०११ मध्ये मारी येथील नौदल तळावर साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, तेरा माणसे दगावली आणि शेजारचे वासिलिकोस वीजकेंद्र निकामी झाले. देशाची सुमारे निम्मी वीज एका सकाळी गेली. मागवायची तर बाहेरून तार नव्हती. आजही तेल महागले की वीजबिल फुगते, आणि तिथल्या उन्हाळ्यात वातानुकूलन चैनीची बाब नाही.

हाती किती उरते

आखातातून येणाऱ्याने आधी कपातीचा हिशोब करावा. ६०,००० युरो वार्षिक पगारातून सामाजिक विम्याचे ८.८ टक्के आणि राष्ट्रीय आरोग्य योजनेचे २.६५ टक्के, म्हणजे सुमारे ६,८७० युरो आयकरापूर्वीच जातात. आयकराचा कमाल दर ३५ टक्के आहे. त्यावर मोठा दिलासा असा की, आधी दीर्घकाळ सायप्रसचा कर-रहिवासी नसलेल्या व्यक्तीला तिथल्या पहिल्या नोकरीचा पगार वार्षिक ५५,००० युरोपेक्षा अधिक असल्यास निम्म्या पगारावर सतरा वर्षांपर्यंत करमाफी मिळते. प्रस्ताव ५३ हजारांचा असेल तर दोन हजारांसाठी घासाघीस करणे किती मोलाचे, हे यातून ध्यानात यावे. मात्र ही सवलत धरून घराचे अंदाजपत्रक आखू नये. उद्या नोकरी बदलावी लागली आणि पगार त्या मर्यादेखाली आला, तर पगारही घटेल आणि करही वाढेल.

पगाराचा वार्षिक आकडा बारा महिन्यांचा की तेरा महिन्यांचा, हेही विचारून घ्यावे. अनेक कंपन्यांत वर्षाअखेरीस तेरावा पगार देण्याची रीत आहे. आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो. तिथे तो डिसेंबरात येतो, पण मासिक रक्कम त्या प्रमाणात कमी असते.

घरभाडे हा सर्वांत मोठा खर्च. २०२२ नंतर रशिया, युक्रेन आणि बेलारूसमधील तंत्रज्ञान कंपन्या कर्मचाऱ्यांसह लिमासोलला आल्या आणि लहानशा शहरातील भाडी पाहता पाहता चढली. सरकारी शाळांचे माध्यम ग्रीक असल्याने मुलांसाठी खासगी इंग्रजी शाळा आली. दोन मुलांच्या कुटुंबात भाड्याखालोखाल तोच आकडा असतो. तो नियुक्तिपत्रात नसेल, तर पगाराची तुलना दुबईशी करण्यात अर्थ नाही.

घर विकत घेण्याची घाई

माझ्या मते, पहिली तीन वर्षे घर घेऊच नये. युरोपीय महासंघाबाहेरील नागरिकाला तिथे घर घेण्यासाठी शासनाची परवानगी लागते, ती सहसा एका निवासी घरापुरतीच मिळते. अडचण त्याहून खोल आहे. जमीन बँकेकडे तारण ठेवून बांधकाम व्यावसायिकाने घरे बांधली, ग्राहकांनी पूर्ण पैसे भरले, आणि व्यावसायिक कर्जबाजारी झाल्यावर मालकी हक्कपत्र मिळेना, अशा हजारो ग्राहकांसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तारण नसल्याची खात्री भूमी अभिलेख कार्यालयातून आणि स्वतः नेमलेल्या वकिलाकडून करावी. विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेताना सातबारा आणि शोध अहवाल पाहणाऱ्या माणसाला हे नवे नाही, पण ‘युरोप आहे, सगळे चोखच असणार’ या समजुतीत तो ते विसरतो.

कर्जाचे चलन हा दुसरा सापळा. २००८ च्या आधी अनेक परदेशी ग्राहकांना कमी व्याजाच्या आमिषाने स्विस फ्रँकमधील गृहकर्जे दिली गेली. फ्रँक वधारत गेला आणि जानेवारी २०१५ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने विनिमयदरावरील बंधन काढताच एका दिवसात थकबाकी फुगली. उत्पन्न ज्या चलनात, कर्ज त्याच चलनात, हा नियम पुण्यातील फ्लॅटचे हप्ते युरोतून भरणाऱ्यालाही लागू आहे.

उत्तर भागातील स्वस्त बंगल्यांच्या जाहिरातींकडे तर पाहूही नये. तिथल्या बऱ्याच जमिनींचे मूळ मालक १९७४ मध्ये विस्थापित झालेले ग्रीक-सायप्रियट आहेत. एका ब्रिटिश दांपत्याने अशा जमिनीवर घर बांधले. सायप्रसच्या न्यायालयाचा त्यांच्याविरुद्धचा निकाल ब्रिटनमध्येही अमलात आणावा लागेल, असे युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले.

परवाना आणि परतीचा दोर

परदेशी कंपन्यांना उच्चकुशल कर्मचारी आणण्यासाठी असलेल्या योजनेत किमान मासिक पगार २,५०० युरो ही अट आहे, आणि त्यात जोडीदारालाही नोकरीची मुभा मिळते. दुसरा पगार दुसऱ्या क्षेत्रातील असेल, तर तो उत्तम विमा ठरतो. परंतु परवाना नोकरीशी बांधलेला असतो, आणि सायप्रसचा निवास परवाना म्हणजे जर्मनी किंवा आयर्लंडमध्ये काम करण्याची परवानगी नव्हे. शासकीय निधीतून मिळणारी नोकरकपातीची भरपाईही सलग १०४ आठवडे त्याच नोकरीत झाल्यावरच लागू होते. पहिली दोन वर्षे म्हणूनच सर्वांत नाजूक असतात. या काळात बारा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बेटाबाहेरच्या खात्यात असावी, असे मला वाटते. सहा महिने मोठ्या देशात पुरतात, इथे नाही.

मागे काय सोडतो आहोत, याची किंमतही धरावी. ब्रिटनमधील कायम निवासाचा हक्क सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास संपुष्टात येतो, आणि अमिरातीचा सामान्य निवास परवाना सहा महिन्यांच्या गैरहजेरीने. सायप्रसमध्ये बस्तान बसायच्या आत परतीचे दोर कापले जातात, ते असे. नोकरीचा करार दोन वर्षांचा असेल तर या मुदतीच्या आत एकदा ठरवून फेरविचार करावा.

भारताशी सायप्रसचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा सुधारित करार एप्रिल २०१७ पासून भारतात लागू आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी सायप्रसच्या कर विभागाचे रहिवासी प्रमाणपत्र दरवर्षी काढून ठेवावे लागते. भारतात परतून पूर्ण निवासी झाल्यावर तिथली बँक खाती आणि भविष्य निर्वाह निधी प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो. त्यामुळे खाते बंद केले तरी शेवटची विवरणे आणि सामाजिक विम्याच्या वर्गणीचा दाखला निघण्यापूर्वीच मागून घ्यावा.