पुढचा मॅनेजर कोण? इंग्लिश फुटबॉलमधील एका सार्वजनिक वादाचा इतिहास

इंग्लंडमधील एखाद्या फुटबॉल क्लबात मॅनेजरचे पद रिकामे झाले की त्या गावातील पाठीराखे संभाव्य उमेदवारांविषयी जो दीर्घ आणि तीव्र वाद घालतात, तो खेळाइतकाच जुना असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हा वाद खेळाहून बराच तरुण आहे, कारण ज्या पदाभोवती तो फिरतो ते पदच मुळी सावकाश घडत गेले. इंग्लिश व्यवहारात मॅनेजर म्हणजे केवळ सराव करून घेणारा प्रशिक्षक नव्हे, तर संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा आणि बराच काळ खेळाडूंची खरेदी-विक्रीही स्वतःच्या अखत्यारीत ठेवणारा प्रमुख अधिकारी. या माणसाच्या हाती सत्ता एकवटत गेली आणि त्याच काळात, कायद्याने कोणताही अधिकार नसलेला पाठीराखा क्लबला आपला मानू लागला. या दोन प्रक्रिया जिथे एकमेकींना भेटल्या तिथे प्रस्तुत वादाचा उगम आहे.

1885 मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने (एफ.ए.) पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली आणि 1888 मध्ये साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा क्लब चालवणारी मंडळी म्हणजे गावातील मद्यउत्पादक, गिरणीमालक, दुकानदार आणि वकील होती. क्लब हळूहळू मर्यादित कंपन्या झाले, ही मंडळी त्यांचे संचालक झाली आणि शनिवारच्या सामन्यात कोण खेळणार हे त्यांचीच समिती ठरवू लागली. ॲस्टन व्हिलाने 1886 मध्ये वार्षिक 100 पौंड पगारावर ज्या जॉर्ज रॅम्झी यांना सचिव म्हणून नेमले, त्यांनी पूर्ण वेळ समितीच्या आज्ञेत काम करणे अपेक्षित होते. पत्रव्यवहार, वेतनवाटप, रेल्वेप्रवासाची व्यवस्था आणि नव्या खेळाडूंचा शोध असे त्या सचिवपदाचे स्वरूप होते. रॅम्झी 1926 पर्यंत त्या क्लबात राहिले आणि त्या चार दशकांत व्हिलाने सहा साखळी विजेतेपदे व सहा एफ.ए. चषक मिळवले, तरीही श्रेय वा दोष यांचा मुख्य धनी सचिव नव्हता. भारतातील क्रिकेटच्या निवड समितीविषयी जशी चर्चा होते तशीच ती त्या काळी संचालकांविषयी होत असे. एका माणसाच्या जाण्याने क्लबचे भवितव्य बदलेल अशी कल्पनाच नव्हती, म्हणून त्याच्या जागी कोण येणार हा प्रश्नही लोकांच्या जिव्हाळ्याचा नव्हता.

हे चित्र बदलण्यात हर्बर्ट चॅपमन यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. हडर्सफील्ड टाउनला 1924 आणि 1925 अशी सलग दोन विजेतेपदे मिळवून देऊन ते 1925 मध्ये लंडनच्या आर्सेनलमध्ये आले आणि संघाची निवड संचालकांच्या बैठकीतून काढून त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. त्यांच्या कारकिर्दीत क्लबने 1930 चा एफ.ए. चषक आणि 1931 व 1933 ची साखळी विजेतेपदे जिंकली; मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेस्थानकाचे नाव 1932 मध्ये क्लबच्या नावावरून ठेवले गेले, त्यामागेही त्यांचाच आग्रह होता. जानेवारी 1934 मध्ये पद भूषवीत असतानाच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी जॉर्ज ॲलिसन हे क्लबचे संचालक व बीबीसीचे प्रसिद्ध सामनानिवेदक आले. मॅनेजरला स्वतःचे चरित्र, स्वतःची शैली आणि स्वतःचा वारसा असतो ही जाणीव येथून पुढे सर्वत्र पसरली, जरी सर्व ठिकाणी ती एकाच वेगाने पसरली नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला वॉल्टर विंटरबॉटम यांच्या रूपाने पहिला मॅनेजर मिळण्यास 1946 उजाडले, आणि तेव्हाही खेळाडू निवडण्याचे काम समितीकडेच राहिले. निवडीचा पूर्ण अधिकार अल्फ रॅम्झी यांनी 1962 च्या नेमणुकीच्या वेळी अट घालून मिळवला.

या सर्व काळात पाठीराख्यांचे क्लबातील स्थान विलक्षण होते. त्यांच्या मंडळांचा राष्ट्रीय महासंघ 1927 मध्ये स्थापन झाला आणि त्याने मदत करावी, अडथळा होऊ नये अशा आशयाचे ब्रीद स्वीकारले. या मंडळांनी सोडती, नाच-गाण्याचे कार्यक्रम आणि वर्गण्या यांतून पैसा उभा करून कितीतरी मैदानांवर छपरे आणि बसण्याच्या जागा बांधून दिल्या, पण त्या बदल्यात संचालक मंडळावर जागा मिळाल्याची उदाहरणे थोडीच आहेत. क्लबच्या कोणत्याही निर्णयात मत नसलेल्या माणसाकडे आपले मत मांडण्यासाठी पब, कारखान्याचे प्रवेशद्वार आणि वृत्तपत्रातील वाचकांची पत्रे एवढीच ठिकाणे उरली. शनिवारी संध्याकाळी सामने संपताच तासा-दीड तासात निघणारी, गुलाबी किंवा हिरव्या कागदावर छापलेली क्रीडापत्रे हे या चर्चेचे पहिले मोठे छापील माध्यम होते. शेफील्डचे हिरवे पत्र 1907 पासून निघत होते. पुढच्या मॅनेजरविषयीचा वाद हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे मानणारे या पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष करतात. ज्या संस्थेला माणूस तीन-तीन पिढ्या पैसा आणि निष्ठा देतो, तिच्या कारभारात सहभागी होण्याचा हा त्याला उपलब्ध असलेला जवळपास एकमेव मार्ग होता.

ऑक्टोबर 1973 मध्ये डर्बी काउंटीत जे घडले त्यात या वादाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. ब्रायन क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर यांनी दुसऱ्या श्रेणीतील या क्लबला वर आणून 1972 मध्ये इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले होते आणि त्यानंतरच्या हंगामात युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले होते. मात्र क्लफ यांचे वृत्तपत्रांतील लेखन आणि दूरचित्रवाणीवरील परखड बोलणे यांवरून अध्यक्ष सॅम लाँगसन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि दोघांनी राजीनामे दिले. गावात निषेधाची चळवळ उभी राहिली, सभा भरल्या, आणि खेळाडूंनीही दोघांना परत बोलावण्याची मागणी संचालक मंडळाकडे लेखी केली. मंडळाने नेमले ते डेव्ह मकाय यांना, म्हणजे क्लफ यांच्याच संघाचे कर्णधारपद भूषवलेल्या आणि डर्बीच्या लोकांना अतिशय प्रिय असलेल्या माणसाला. ही निवड अत्यंत जाणती होती, कारण मकाय यांच्याविरुद्ध घोषणा देणे त्या गावात कोणालाही जड गेले असते. 1975 मध्ये त्यांनी डर्बीला पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. तरीही क्लफ यांनी पुढे शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1979 आणि 1980 मध्ये युरोपियन चषक जिंकून दिले, तेव्हा डर्बीतील निषेधकांचे म्हणणे निराधार नव्हते हेही सिद्ध झाले.

पाठीराख्यांच्या वादात उमेदवारांची जी वर्गवारी वारंवार दिसते, तीही अशाच ठोस घटनांतून रुजलेली आहे. घरचाच माणूस नेमावा या पक्षाचा मोठा आधार म्हणजे लिव्हरपूल. जुलै 1974 मध्ये बिल शँकली यांनी अचानक निवृत्ती जाहीर केल्यावर शहर अक्षरशः शोकाकुल झाले, आणि त्यांच्या जागी 1939 पासून खेळाडू, उपचारक व प्रशिक्षक अशा नात्यांनी क्लबात असलेले मितभाषी बॉब पेझ्ली आले. नऊ हंगामांत त्यांनी सहा साखळी विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक मिळवले. खेळाडूंचे बूट ठेवण्याच्या छोट्या खोलीत बसून चर्चा करणाऱ्या प्रशिक्षकांतूनच पुढचा मॅनेजर यावा ही प्रथा 1983 मध्ये जो फेगन यांच्या नेमणुकीने अधिक पक्की झाली. उलट, त्याच पक्षाविरुद्धचा दाखला तेथून पन्नासएक किलोमीटरवर, मँचेस्टर युनायटेडमध्ये मिळतो. मॅट बझ्बी 1969 मध्ये बाजूला झाल्यावर क्लबचेच माजी खेळाडू, अवघ्या 31 वर्षांचे विल्फ मॅकगिनिस यांच्याकडे संघ सोपवला गेला, पण बझ्बी स्वतः त्याच इमारतीत वरिष्ठ पदावर राहिले आणि डिसेंबर 1970 मध्ये त्यांनाच पुन्हा सूत्रे हाती घ्यावी लागली. 1974 मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. लिव्हरपूलमध्ये प्रथा यशस्वी झाली ती उत्तराधिकारी घरचा होता एवढ्यामुळे नव्हे, तर आधीचा माणूस खरोखर निघून गेला होता म्हणूनही, हा मुद्दा पाठीराख्यांच्या चर्चेत फार क्वचित ऐकू येतो.

बाहेरचा आणि अपरिचित माणूस या दुसऱ्या प्रकाराची कहाणी आर्सेनलची आहे. 1996 च्या ऑगस्टमध्ये ब्रूस रिओक यांना दूर केल्यावर वृत्तपत्रांतून योहान क्रायफ, टेरी व्हेनबल्स अशी वजनदार नावे फिरत होती; आले ते जपानमधील नागोया ग्रँपस एट या क्लबाकडून आर्सेन वेंगर, ज्यांचे नाव लंडनमधील बहुतेकांनी ऐकलेही नव्हते. त्यांनी 22 वर्षे आणि 1,235 सामने क्लब सांभाळला. उमेदवार पारखताना लोक ओळखीच्या नावांतूनच निवड करतात, आणि ही या वादाची सर्वांत खरी उणीव आहे, हे वेंगर यांच्या नेमणुकीने जितके स्पष्ट केले तितके दुसऱ्या कशानेही केले नसेल.

दरम्यान वादाची व्यासपीठे बदलली. हेझेल मैदानावर प्रेक्षकांचे बळी गेलेल्या 1985 च्या दुर्घटनेनंतर पाठीराख्यांची नवी, अधिक ठाम संघटना उभी राहिली. 1986 मध्ये ‘व्हेन सॅटरडे कम्स’ हे नियतकालिक निघाले आणि पाठीराख्यांनी स्वतः लिहून मैदानाबाहेर विकलेल्या स्वस्त नियतकालिकांची लाट आली. 1991 मध्ये बीबीसीने श्रोत्यांचे दूरध्वनी थेट प्रसारित करणारा ‘606’ हा कार्यक्रम सुरू केला. पुढे तर हा वाद आकाशातही पोहोचला. मार्च 2014 मध्ये मँचेस्टर युनायटेडमधील ॲलेक्स फर्ग्युसन यांचे उत्तराधिकारी डेव्हिड मॉयेस यांच्याविरुद्ध क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरून विमानाने फलक नेला गेला, आणि मार्च 2017 मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर वेंगर यांच्या विरोधात एक आणि समर्थनार्थ दुसरे अशी दोन विमाने एकाच सामन्यात फिरली. लोकांच्या मागणीने मॅनेजर आल्याचेही उदाहरण आहे: प्रेक्षक ज्यांच्या नावाचा घोष करीत होते ते केनी डॅलग्लिश जानेवारी 2011 मध्ये रॉय हॉजसन यांच्या जागी लिव्हरपूलमध्ये परतले, आणि साखळी चषक जिंकूनही मे 2012 मध्ये त्यांना जावे लागले.

पाठीराख्यांना खरोखर मताधिकार असता तर काय झाले असते, याची कल्पना स्पेनवरून येते. बार्सिलोना हा क्लब त्याच्या सभासदांच्या मालकीचा असून अध्यक्ष मतदानाने निवडला जातो, त्यामुळे तेथे प्रशिक्षकाचे नाव हा निवडणुकीतील आश्वासनाचा भाग होतो. 2021 च्या निवडणुकीत व्हिक्तोर फोंत यांनी क्लबचे माजी खेळाडू चावी यांचे नाव पुढे केले आणि ते हरले, मात्र विजयी झालेल्या जुआन लापोर्ता यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चावी यांनाच आणले. इंग्लंडमध्ये याहून धाडसी प्रयोग 2008 मध्ये झाला, जेव्हा हजारो लोकांनी प्रत्येकी 35 पौंड भरून एब्सफ्लीट युनायटेड हा छोटा क्लब विकत घेतला. संघनिवडही सभासदांच्या मताने व्हावी अशी मूळ कल्पना होती, पण सभासदांनी ते काम मॅनेजर लियम डेश यांच्याकडेच राहू दिले, आणि त्याच वर्षी क्लबने वेंब्लीवर एफ.ए. ट्रॉफी जिंकली. अधिकार मागणारा तो मिळाल्यावर संयमाने वागतो, याचा हा दुर्मीळ आणि आदरणीय पुरावा आहे.

एप्रिल 2021 मध्ये मोठ्या क्लबांनी मांडलेली युरोपियन सुपर लीगची योजना पाठीराख्यांच्या विरोधाने काही दिवसांत कोसळली, त्यानंतर ट्रेसी क्राउच यांच्या नेतृत्वाखाली फुटबॉलच्या कारभाराची चौकशी झाली आणि जुलै 2025 मध्ये ब्रिटिश संसदेचा फुटबॉल प्रशासन कायदा अस्तित्वात आला. स्वतंत्र नियामक स्थापन करणाऱ्या या कायद्याने क्लबचे चिन्ह, घरच्या सामन्यांतील पोशाखाचे रंग, मैदान अशा विषयांत पाठीराख्यांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक केले. मॅनेजरची नेमणूक मात्र त्या विषयांत नाही. ती पूर्वीप्रमाणेच मालक आणि संचालक यांच्या हाती आहे.